तिसऱ्या घंटेच्या आधी

हल्लीची नाटकवेडी मुलं भेटली की हमखास विचारतात, "काका, तेव्हा नाटकाला पैसे कोण लावायचं?" त्यांच्या डोळ्यांसमोर एखादा शेठ असतो. त्यानं थैली सोडली आणि नाटक उभं राहिलं, अशी काहीतरी समजूत. असे शेठ असतीलही, पण आमच्या वाट्याला कधी आले नाहीत. १९६३ पासून पाचेक वर्षं माझ्या मामांच्या नाट्यसंस्थेची हिशेबाची वही माझ्याकडे होती. दिवसा मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून आणि संध्याकाळी मामांचा व्यवस्थापक. संस्था लहान होती, गिरगावातल्या चाळीत तिचा पत्ता होता, आणि आज तिचं नाव कुणाला आठवायचं कारण नाही. पण ती वही लिहिताना मला जे कळलं ते असं, की आमचं नाटक पैसे देणाऱ्यांपेक्षा पैशासाठी थांबणाऱ्यांनी जास्त तोलून धरलं. शिंपी थांबला, सुतार थांबला, नट थांबले. त्यांचं ऋण मला आजही वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

मामा लहानपणी नाटक मंडळीत होते. मंडळी म्हणजे बिऱ्हाड. गावोगाव मुक्काम, एकच भटारखाना, मालकाच्या पदरी सगळी माणसं. नाटक चालो न चालो, पंगत वाढावीच लागे. मालक कर्ज काढत, आणि त्या कर्जाला तारण असे ते मंडळीच्याच सामानाचं: रंगवलेले पडदे, शालू-शेले, दागिने, ऑर्गन. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, त्याच्या गोष्टी मामांनी मोठ्या नटांकडून ऐकलेल्या. तेवढी लोकप्रियता असून गंधर्व मंडळी कर्जात बुडालेलीच होती, हे मामा पुन्हा पुन्हा सांगत. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि थिएटरं सिनेमाकडे गेली. एकेक मंडळी बसली. नट काही काळ पोरके झाले.

त्यानंतर जे नाटक पुन्हा उभं राहिलं त्याची रीतच वेगळी होती. मो. ग. रांगणेकरांनी १९४१ मध्ये नाट्यनिकेतन काढलं, १९४४ पासून मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यमहोत्सव सुरू झाले, आणि १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धेतून दरवर्षी नवी मुलं पुढे येऊ लागली. आता बिऱ्हाड नव्हतं. नट बँकेत, गिरणीत, पालिकेत नोकरी करणारे. प्रयोगापुरते यायचे, आपली 'नाईट', म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, घ्यायचे आणि शेवटची लोकल गाठायचे. खर्च एकदम हलका झाला खरा, पण त्याचबरोबर तारणही गेलं. कपडेपट भाड्याचा, दिवे भाड्याचे. सावकाराला जप्त करायला आमच्याकडे होतं काय? एक बाड, म्हणजे नाटकाची हस्तलिखित प्रत, आणि मामांचा शब्द. बँकेच्या दारात उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिलं नाटक उभं करायला सहा-सात हजार रुपये लागतील असा आमचा अंदाज होता. मामांनी पालिकेतल्या नोकरीच्या प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं. चाळीतल्या आणि ऑफिसातल्या मित्रांनी अडीचशे-अडीचशे रुपये घातले. त्यांना आम्ही भागीदार म्हणायचो, पण कागद असा नव्हताच; वहीत नाव आणि आकडा, एवढंच. उरलेली रक्कम भुलेश्वरच्या एका कापड व्यापाऱ्यानं दिली. तो मराठी नाटकांचा शौकीन होता, गुजराती असून अख्खी पदं म्हणायचा. पण व्यवहार म्हणजे व्यवहार. तीन महिन्यांचं व्याज आधीच कापून त्यानं नोटा मोजल्या आणि वर म्हणाला, "पंत, नाटक पडलं तर व्याज सोडीन, मुद्दल नाही." मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता वाटतं, आमच्या सगळ्या व्यवहारात इतकं स्वच्छ बोलणारा तो एकटाच होता.

पैसे जमले म्हणजे नाटक सुरू झालं असं नाही. आधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, जायची. टंकलिखित प्रती करायच्या, अर्ज करायचा आणि वाट बघायची. कुठला शब्द खटकेल सांगता येत नसे. आमच्या नाटकात फारसं काही नव्हतं, दोन ठिकाणच्या शिव्या कापून प्रमाणपत्र आलं. पण ते हातात पडेपर्यंत ना तारीख पक्की करता येई, ना जाहिरात देता येई, आणि व्यापाऱ्याचे तीन महिने मात्र चालू होते. मंडळाच्या प्रमाणपत्रानंतर पोलिसांचा प्रयोगाचा परवाना, आणि तिकिटांवरच्या करमणूक कराचं काम निराळं. या खेपा मीच घालत असे. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो की साहेब विचारायचे, "आज काय, वाचन की तालीम?" त्यांनी कधी अडवलं नाही. उलट शुभारंभाच्या प्रयोगाला सहकुटुंब आले, तेही तिकीट काढून.

तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये, रात्री आठनंतर. तालमीचे पैसे कुणालाच नसत. चहा, कधी बटाटेवडा, आणि बायकांना घरी सोडायला टॅक्सी. टॅक्सीच्या खर्चावरून एकदा एका भागीदारानं कुरकुर केली, तेव्हा मामा त्याच्यावर असे कडाडले की हॉल शांत झाला. "दुसऱ्याची लेक रात्री बारा वाजता रस्त्यावर सोडून मला नाटक करायचं नाही." ती टॅक्सी वहीत शेवटपर्यंत राहिली, कुठल्याही काटकसरीत ती कधी निघाली नाही.

आता थांबणाऱ्यांविषयी. फ्लॅट्स, म्हणजे नेपथ्याच्या कापड ताणलेल्या लाकडी चौकटी, करणारा सुतार लालबागचा. लाकूड आणि कापड यांचे पैसे रोख घेतले, मजुरी म्हणाला, "पाचव्या प्रयोगानंतर द्या." रंगाऱ्याचंही तसंच. कपडेपटवाल्याचं भाडं तर प्रयोगावरच होतं, म्हणजे प्रयोग झाला तर भाडं. नाटककारांना आगाऊ थोडी रक्कम आणि पुढे दर प्रयोगाला मानधन. प्रमुख नटाचं नाव बरं होतं. त्याच्या बाकीच्या नाटकांत त्याला आमच्या अडीचपट नाईट मिळे, पण भूमिका आवडली म्हणून पहिल्या दहा प्रयोगांना त्यानं आमच्या दरानं काम केलं. पार्श्वसंगीत करणाऱ्या तरुणानं स्वतःचा टेपरेकॉर्डर आणला. ही सगळी माणसं एक रुपयाही न देता आमची सावकार झाली होती आणि त्यांच्या पैशाला व्याज नव्हतं. त्या थांबलेल्या रकमांची मी वहीत मागच्या बाजूनं वेगळी पानं केली होती. शुभारंभाच्या आदल्या रात्री त्यांची बेरीज केली, ती भागीदारांच्या सगळ्या रकमेहून जास्त भरली.

न थांबणारा खर्च एकच, जाहिरातीचा. 'मराठा', 'लोकसत्ता', 'नवशक्ति' आणि तेव्हा नवाच असलेला 'महाराष्ट्र टाइम्स'. जागेचे पैसे इंचावर आणि आमच्यासारख्या नवख्यांना ते आधी भरावे लागत. शनिवार-रविवारचे प्रेक्षक पेपरातलं नाटकांचं पान पाहूनच ठरवत. जाहिरात चुकली तर प्रयोग असल्याचं कुणाला कळत नसे. आमच्या वहीत पहिल्या वर्षी जाहिरातीचा आकडा नेपथ्यापेक्षा मोठा आहे. मामांना ते फार लागायचं. म्हणायचे, "लाकूड निदान दिसतं तरी."

१९६४ च्या फेब्रुवारीत परळच्या दामोदर हॉलमध्ये शुभारंभ झाला. नाटक आवडलं. पण आवडणं आणि गल्ला यांत अंतर असतं. पुढचे चार-पाच प्रयोग बुकिंगच्या खिडकीवर बसून मी स्वतः प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, भरला. पुढच्या रांगा भरायच्या, मागच्या स्वस्त जागाही भरायच्या, आणि मधल्या तीन रुपयांच्या खुर्च्या ओस. खर्च जेमतेम निघायचा. नव्या नाटकाला तोंडी प्रसिद्धी मिळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आमच्या पैशांत नव्हता.

तिथे आम्हाला तारलं ते चॅरिटी शोनं. आजच्या वाचकाला याची नीट कल्पना नसते, म्हणून सविस्तर सांगतो. एखादी शाळा इमारत निधी जमवत असते, एखाद्या ज्ञातिसंस्थेला वसतिगृहासाठी पैसे हवे असतात, कुठे व्यायामशाळा, कुठे बँकेतल्या कर्मचाऱ्यांचा क्लब. १९६२ च्या चीनच्या युद्धात संरक्षण निधीसाठी ठिकठिकाणी असे प्रयोग झाले आणि लोकांना तशी तिकिटं घ्यायची सवय लागली होती. ती संस्था आमच्याकडून पूर्ण प्रयोग ठरलेल्या रकमेला विकत घ्यायची. तिकिटांचे दर तिनं ठरवायचे, पाच रुपयांची खुर्ची पंचवीसला, पन्नासलाही जायची, कारण घेणारा देणगी म्हणून घ्यायचा. त्यांची माणसं घरोघर फिरून तिकिटं खपवायची. करमाफीचा अर्जही तेच करायचे. आम्हाला ना जाहिरात, ना खिडकी. आणि मुख्य म्हणजे निम्मी रक्कम तारीख ठरताना आगाऊ.

हा आगाऊ पैसा म्हणजेच आमचं खरं भांडवल. मार्चमध्ये घेतलेल्या एका शाळेच्या आगाऊ रकमेतून आम्ही एप्रिलच्या दोन जाहीर प्रयोगांच्या जाहिराती दिल्या. त्या प्रयोगांतून सुताराची मजुरी फिटली. नाटक न पाहता, केवळ चांगलं आहे असं कानावर आल्यावर, एका हेडमास्तरांनी आमच्या हातात चेक ठेवला होता. मुलांच्या वर्गखोल्यांसाठी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशावर आपण नाटक चालवतो आहोत याचं मला दडपण यायचं. त्या प्रयोगाला मामांनी सगळ्यांना बजावलं, "आज एकही वाक्य गाळायचं नाही." गाळलंही नाही. रात्री साडेबारा झाले.

चॅरिटीचे प्रयोग हंगामी असत. पावसाळ्यात थंड, गणपती-नवरात्रात मंडळांची गर्दी, दिवाळीनंतर शाळा-संस्था, आणि परीक्षा जवळ आल्या की पुन्हा शुकशुकाट. मधल्या महिन्यांत जाहीर प्रयोग करायचे तर तारखा हव्यात. मुंबईत मराठी नाटकाला सोयीच्या जागाच मोजक्या. १९६४ मध्ये केळेवाडीत साहित्य संघाचं बंदिस्त नाट्यगृह झालं, १९६५ मध्ये दादरला शिवाजी मंदिर सुरू झालं, आणि सगळ्यांचे हात तिकडे वळले. शनिवार रात्र आणि रविवार दुपार मिळाली तर निम्मं काम झालं. मंगळवारची तारीख म्हणजे नुकसान घरी घेऊन जाणं. मोठ्या संस्थांकडे गाजलेली नाटकं होती, त्यांना चांगल्या तारखा मिळायच्या, आणि ते गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. नाट्यगृहालाही आपलं पोट आहे. पण कुणाची तरी तारीख आयत्या वेळी मोकळी झाली की मध्यस्थ ती जादा पैशाला आमच्यासारख्यांच्या गळ्यात मारत. तो पैसा रंगभूमीच्या कुठल्याच कामाला लागला नाही आणि त्याची चीड माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

त्याच सुमारास प्रेक्षकांची नजरही बदलत होती. १९६२ च्या ऑक्टोबरात 'तो मी नव्हेच' आलं आणि फिरत्या रंगमंचाची बातमी महाराष्ट्रभर झाली. आमच्या एका दिवाणखान्याच्या नाटकालाही कंत्राटदार विचारायचे, "सीन किती बदलतात?" एक म्हटलं की भाव उतरायचा.

कंत्राटदार हे दौऱ्याचं दैवत. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, तिकडे नागपूर-अमरावती, प्रत्येक ठिकाणी नाटकं आणणारी ठरलेली माणसं होती. कुणी प्रेसवाला, कुणी सायकलच्या दुकानाचा मालक. तो ठरलेली रक्कम देणार, जेवण-उतारा बघणार, थिएटर घेणार, भिंतीवर पोस्टर लावणार, आणि गल्ला त्याचा. पावसानं धुतलं तरी आपल्याला रक्कम मिळणार, हाऊसफुल्ल झालं तरी तेवढीच. लहान संस्थेला हे बरं पडे. कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात, शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या पॅलेस थिएटरच्या रंगमंचावर उभं राहिल्यावर आमच्या नटांना कसं भरून आलं होतं ते मी विंगेतून पाहिलंय. मामा तर आधी रंगमंचाला हात लावूनच आत गेले.

वाईट अनुभव आला तो एका जिल्ह्याच्या गावी. तिथला कंत्राटदार नवा होता. निम्मी रक्कम आधी पोचलेली, उरलेली प्रयोगाआधी द्यायची ठरलेली. "गल्ला मोजतोय, मध्यंतरात देतो" म्हणाला. तंबू थिएटर गच्च भरलेलं. दुसरा अंक संपला, मी खिडकीपाशी गेलो तर पेटी नाही आणि माणूसही नाही. तिसऱ्या अंकाचा पडदा उघडायचा की नाही यावर आत दहा मिनिटं खल झाला. काही नटांचं म्हणणं, पैसे नाहीत तर अंक नाही. त्यांचं चुकत नव्हतं. असं थांबवण्याचा प्रघात धंद्यात होताच. पण तिकिटं काढून आलेल्या माणसांनी आमचं काही बिघडवलं नव्हतं. मामांनी अंक केला. परतीच्या एस.टी.चं भाडं गावातल्या एका वकिलांनी दिलं. ते मनीऑर्डरनं फेडलं, कंत्राटदाराकडची बाकी मात्र कधीच आली नाही. त्या रात्रीपासून नियम झाला: उरलेली रक्कम पहिल्या घंटेला माझ्या हातात, नाहीतर तिसरी घंटा नाही, म्हणजे पडदाच उघडायचा नाही. पुढे अनेक जुन्याजाणत्या व्यवस्थापकांनी मला सांगितलं की त्यांचाही नियम हाच, आणि बहुतेकांचा तो अशाच एखाद्या गावात तयार झालेला.

गोव्याचा दौरा मात्र सोन्यासारखा. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि नंतरच्या वर्षांत मुंबईची नाटकं तिकडे जाऊ लागली. भाऊच्या धक्क्यावरून बोट, डेकवर आमच्या ट्रंका आणि गुंडाळलेले फ्लॅट्स, रात्रभर नटांची गाणी. तिथे देवळांच्या उत्सवांतून नाटक पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. प्रेक्षक पहाटेपर्यंत बसायला तयार आणि चूक झाली तर ओळखणारे. आमचे प्रयोग ठरवणाऱ्यांनी रक्कम आधी दिली, वर नारळ-काजू दिले, आणि पुढच्या वर्षीच्या तारखा तिथेच मागितल्या. भुलेश्वरच्या व्यापाऱ्याचं मुद्दल या दौऱ्यातून फिटलं. मी रक्कम घेऊन गेलो तेव्हा त्यानं चिठ्ठी फाडली आणि शेवटच्या महिन्याचं व्याज परत केलं. सांगितलं होतं त्याच्या उलट वागला, पण चांगल्या बाजूनं.

१९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं, मुंबईत ब्लॅकआउट आला. रात्री रस्ते काळोखात, लोकांना लवकर घरी पोचायची घाई. विकलेल्या तिकिटांचे पैसे परत केले. नाट्यगृहाचं भाडं, छापून गेलेल्या जाहिराती, सगळं अंगावर. वर्षभरात शिल्लक पडलेलं त्या महिन्यात गेलं. तेव्हा पुन्हा तीच माणसं थांबली. कपडेपटवाल्यानं तर पुढच्या प्रयोगाचं भाडंही घेतलं नाही.

प्रयोगानंतरच्या हिशेबाविषयी सांगायलाच हवं. मेकअप उतरत असताना मी रंगपटाच्या कोपऱ्यात ट्रंकेवर बसायचो. बाहेर डोअरकीपरनं फाडलेली अर्धुकं आणि प्लॅनवरच्या खुणा जुळल्या की पैसे वाटायला सुरुवात. क्रम मामांनी ठरवलेला. आधी पडदा ओढणारा, सामान उचलणारी मुलं, मेकअपमन. मग लहान भूमिका, मग मोठ्या, मग नाटककारांचं पाकीट. संस्था सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडले तर तुटवडा वरून खाली यायचा, म्हणजे मामांपासून. कित्येक संस्थांत हे उलटं चालायचं: नामवंतांची नाईट आधी आणि पडदेवाल्याला "उद्या ये". मामा म्हणत, नामवंताला उद्याही घरी जेवायला आहे. आमचा प्रमुख नट या क्रमावर कधी रुसला नाही. एकदा तर खाली काय उरलंय ते पाहून पाकीट न उघडताच परत माझ्या हातात दिलं. ते नंतर फेडलं, वहीत नोंद आहे.

१९६६ नंतर नाईटचे दर चढले, जाहिराती महागल्या, आणि एका गाजलेल्या नटाच्या नावाशिवाय चॅरिटीवाले प्रयोग घेईनासे झाले. दुसरं नाटक आम्ही केलं, ते बऱ्यापैकी चाललं. तिसऱ्याची संहिता मंडळाकडून पास होऊन आली तेव्हा मामांची निवृत्ती जवळ होती आणि फंडाला पुन्हा हात लावायचा नाही असं मामींनी निक्षून सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. १९६८ च्या जूनमध्ये पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. मामा पाहायला गेले, आणि परत आल्यावर किती तरी दिवस तिथल्या विंगा किती रुंद आहेत याच्याबद्दलच बोलत होते. त्याच वर्षी संस्था बंद केली. फ्लॅट्स लालबागच्या सुतारालाच दिले, त्याच्या राहिलेल्या मजुरीपोटी. भागीदारांना अडीचशेचे अडीचशे परत मिळाले, नफा म्हणून काही नाही. दोघांनी पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या नावानं ती रक्कम मामांनी त्या शाळेच्या इमारत निधीत भरली, जिच्या चेकवर आमचं पहिलं नाटक तगलं होतं.